ताण : आधी लोखंडाचा, मग माणसाचा



आपल्या आजीच्या काळी ‘टेन्शन’ नव्हते. काळजी होती, विवंचना होती, जिवाला घोर होता, डोक्याला ताप तर होताच. पण ‘मला फार टेन्शन आलंय’ असे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकले नसेल. आज शाळेत जाणारे पोरही ते म्हणते. हा शब्द आला कुठून, याचा शोध घ्यायला निघालो तर गाडी थेट रेल्वेच्याच यार्डात येऊन थांबते. डिप्लोमाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ हा विषय शिकलेल्या प्रत्येकाने स्ट्रेस आणि स्ट्रेन यांच्या व्याख्या पाठ केलेल्या असतात. डॉक्टर मंडळींनी स्ट्रेस हा शब्द आपल्याकडून, म्हणजे इंजिनिअरांकडून, उसना घेतला आहे. त्याआधी आपणही त्यांच्या प्रांतातला एक शब्द उचलला होता, तो म्हणजे ‘थकवा’. या देवघेवीची हकिकत आणि ताणावर माणसाने शोधलेले उतारे, असा हा लेख आहे. आरोग्यावरचे उपदेश स्मरणिकेत दरवर्षी असतात, म्हणून यंदा थोडा इतिहास.

८ मे १८४२. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ उत्सव होता. तो पाहून परतणाऱ्या पॅरिसकरांनी गच्च भरलेली गाडी दोन इंजिने लावून निघाली होती. वाटेत पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे इंजिन आणि डबे त्याच्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी लाकडी डब्यांनी पेट घेतला. प्रवासी चालत्या गाडीतून उतरू नयेत म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची तेव्हा पद्धत होती. मृतांचा अधिकृत आकडा ५५ असला तरी प्रत्यक्षात तो अधिक असावा असे मानतात. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल बायकोमुलासह या गाडीत जळून गेला. दारांना कुलपे लावण्याची पद्धत फ्रान्समध्ये त्यानंतर बंद झाली.

पण इंजिनिअरांना सतावणारा प्रश्न वेगळाच होता. आस तुटलाच का? त्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार नव्हता. रोज तेवढाच भार घेऊन तो धावत होता. लोखंडातले तंतू कालांतराने बदलून त्याचे स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनते, असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता. विल्यम रँकिन या जेमतेम बाविशीच्या स्कॉटिश तरुणाने १८४३ साली आसांच्या तुटण्यावर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या काटकोनी कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो आणि हळूहळू आत शिरत जातो. तो कोपरा गोलसर करा, असा साधा उपाय त्याने सुचवला. आपल्या वर्कशॉपमध्ये आसाची अल्ट्रासॉनिक तपासणी करणाऱ्याला या कोपऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रोज सोसवणाराच भार पुन्हापुन्हा पडल्यामुळे धातू मोडतो, या प्रकाराला इंजिनिअरांनी ‘फटीग’, म्हणजे थकवा, असे नाव दिले. १८५४ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट यांनी आपल्या निबंधात हा शब्द वापरला. दमतो तो माणूस किंवा बैल. लोखंड कसले दमणार? पण शब्द चपखल बसला आणि कायमचा झाला.

पुढचे काम जर्मनीतल्या ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरने केले. गाडीच्या आसाला चालताना जसा भार सोसावा लागतो, तसा भार देत आस लाखो वेळा फिरवणारी यंत्रे त्याने बनवली आणि १८५० ते १८७० या काळात चिकाटीने नोंदी ठेवल्या. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, एका झटक्यात आस मोडायला जेवढा ताण लागतो त्याहून खूप कमी ताण पुरेशा वेळा दिला तर तोच आस मोडतो. दुसरी अशी, की लोखंड आणि पोलाद यांच्या बाबतीत एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली ठेवला तर आस कितीही फिरवा, तो टिकतो. पुस्तकात आपण हिला ‘एन्ड्युरन्स लिमिट’ म्हणून शिकलो. माझ्या मते व्होलरचा हा आलेख वर्कशॉपइतकाच घरातही टांगण्यासारखा आहे. माणसाला मोडते ते बहुधा रोजचे बारीकसारीक, न संपणारे ओझे, एखादे मोठे संकट नव्हे. फरक इतकाच, की आसाला रात्रीच्या झोपेने बरे वाटत नाही. माणसाला वाटते.

आता डॉक्टरांकडे वळू. रेल्वे नवीन होती तेव्हा तिच्या धक्क्यांनी प्रवाशांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याची चर्चा युरोपात जोरात होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १८६२ साली त्यावर खास चौकशी अहवालच छापला. अपघातातून वाचलेल्या कित्येकांना बाहेरून काहीच जखम नसे. पण पुढे महिनोन्महिने झोप येत नसे, हातपाय थरथरत, कामात लक्ष लागत नसे. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिकसेन यांनी १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि मणक्याला बसलेल्या धक्क्याशी या विकाराचा संबंध जोडला. ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव मग लोकांच्या तोंडी बसले. रेल्वे कंपन्यांवर नुकसानभरपाईचे दावे सुरू झाले. तेव्हा १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जनने उलट मांडणी केली, की इजा मणक्याला नसून बसलेल्या भीतीचा हा परिणाम आहे. पेज हे एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते हेही लक्षात ठेवायला हवे. कंपनीचे पैसे वाचवण्याच्या खटाटोपात वैद्यकशास्त्राला एक खरी गोष्ट सापडली, असे म्हणता येईल. नुसत्या भीतीनेही शरीर आजारी पडते.

चार्ल्स डिकन्स हे त्याचे जिवंत उदाहरण. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातात दहा माणसे दगावली. डिकन्स त्या गाडीत होते. त्यांना लागले नाही, उलट त्यांनी जखमींना पाणी पाजले. पण पुढे गाडीत बसले की त्यांना एकाएकी धडकी भरे. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, त्यांचे निधन झाले.

‘स्ट्रेस’ हा शब्द मात्र अजून माणसाला चिकटला नव्हता. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन मांजरांच्या पोटातली हालचाल क्ष-किरणांनी पाहत असत. मांजर चिडले किंवा घाबरले की तिच्या जठराचे काम थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९१५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले, की संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. हृदय जोरात धावते, रक्तातली साखर वाढते आणि पचन बाजूला पडते. वाघ समोर असेल तर ही तयारी उपयोगी. पण समोर वाघाऐवजी फाइल असेल तर? फाइलशी कुस्ती खेळता येत नाही आणि तिच्यापासून पळताही येत नाही. तयारी तशीच अंगात राहते.

४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथून पाठवलेले एक छोटेसे पत्र छापून आले. लेखक हान्स सेली, वय २९, व्हिएन्नात जन्मलेला हंगेरियन वंशाचा संशोधक. तो नव्या हॉर्मोनच्या शोधात उंदरांना ग्रंथींचा अर्क टोचत होता. उंदरांच्या अॅड्रिनल ग्रंथी सुजल्या, थायमस आक्रसली, जठरात व्रण पडले. सेली खूश झाला. पण मग त्याने नुसते फॉर्मालिन टोचून पाहिले, तर तेच झाले. थंडीत ठेवले, दमवले, तरी तेच. हॉर्मोनचे स्वप्न गेले. पण कुठल्याही प्रकारचा त्रास असला तरी शरीर एकाच ठराविक पद्धतीने उत्तर देते, हे त्याच्या हाती लागले. आधी धोक्याची घंटा, मग काही काळ तग धरणे आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी गळून जाणे, अशा तीन अवस्था त्याने सांगितल्या. पुढे यालाच त्याने ‘स्ट्रेस’ म्हटले आणि १९५६ च्या त्याच्या पुस्तकाने तो शब्द घरोघरी नेला.

इथे आम्हा इंजिनिअरांची एक तक्रार आहे. बाहेरून येतो तो भार, त्याला तोंड देताना पदार्थाच्या आत उभे राहते ते स्ट्रेस आणि त्यामुळे आकारात होतो तो बदल म्हणजे स्ट्रेन. सेलीने हे सगळे एकत्र कालवले. आपले इंग्रजी तेव्हा बरे असते तर आपण ‘स्ट्रेन’ म्हटले असते, अशी कबुली त्याने नंतर दिली होती. परीक्षेत असे लिहिले असते तर आमच्या सरांनी दोन मार्क कापले असते. सेलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंबाखू कंपन्यांनी त्याला पैसा पुरवला होता हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले. हृदयविकाराचे खापर सिगारेटऐवजी ‘स्ट्रेस’वर फुटले तर त्या कंपन्यांना हवेच होते. टेन्शन आले म्हणून बाहेर जाऊन सिगारेट ओढणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत रोगाचे झाले. पण गंमत अशी, की रोगाला नाव मिळण्याआधीच उपाय सुरू झाले होते आणि पहिला मोठा उपाय दवाखान्यातून आलेला नाही. तो आला मुंबईच्या गिरण्यांतून.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. आडनावात लोखंड असणे हा योगायोग. त्या काळी गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. पाच हजारांहून अधिक कामगारांनी केलेल्या अर्जात दर रविवारी सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. त्याच साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आली. आपण रविवारी सकाळी पोह्यांची बशी घेऊन निवांत वर्तमानपत्र उघडतो, त्यामागे या माणसाची सहा वर्षांची खटपट आहे. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. २००५ साली पोस्ट खात्याने त्यांचे तिकीट काढले.

रेल्वेत हा प्रश्न आणखी अवघड. गिरणी रविवारी बंद करता येते, गाडी कशी बंद करणार? १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरवले, पण हिंदुस्थानसाठी ६०. रेल्वेच्या कायद्यात १९३० साली दुरुस्ती होऊन सतत काम असणाऱ्यांना आठवड्याला ६० तास आणि ज्यांचे काम मध्येमध्ये थांबते त्यांना ८४ तास अशी मर्यादा आली. ८४ तास म्हणजे एकही सुटी न घेता रोज बारा तास, आणि तीही ‘मर्यादा’! पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने इंटेन्सिव्ह कामाला ४५, कंटिन्यूअसला ५४ आणि इसेन्शियली इंटरमिटंटला ७५ तास ठरवून दिले. आपल्या रोस्टरवर आजही दिसणारे हे शब्द या जुन्या वादातले आहेत. नंतर मियाभॉय लवादाने त्यात आणखी काटछाट केली. तरी इंजिनावरच्या मंडळींचे तास हा दुखरा विषय राहिलाच. साइन ऑन ते साइन ऑफ दहा तास, असे आश्वासन ऑगस्ट १९७३ मध्ये मिळाले, पण त्याच्या अंमलबजावणीवरून कुरबुर चालूच राहिली. आठ तासांचा दिवस ही मे १९७४ च्या देशव्यापी संपातली एक प्रमुख मागणी होती. तो संप ८ मे रोजी सुरू झाला, म्हणजे व्हर्सायच्या अपघाताच्या तारखेलाच, आणि वीस दिवसांनी मागे घेतला गेला. आपल्यापैकी ज्येष्ठांना वसाहतीतले ते दिवस आठवत असतील, म्हणून अधिक लिहीत नाही.

तासांचा प्रश्न फक्त कामगाराच्या सुखाचा नसतो, हे १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनला दिसले. सकाळच्या गर्दीत एक गाडी पुढच्या गाडीवर आदळली, ३५ माणसे गेली. सिग्नलच्या रिले रूममध्ये एक जुनी वायर पूर्ण तोडायची राहून गेली होती. ती पुन्हा संपर्कात आली आणि लाल व्हायला हवा तो सिग्नल तसा झाला नाही. ज्या तंत्रज्ञाने ते काम केले, त्याने आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी घेतली होती. चौकशी अहवालाने दोष त्या एकट्यावर ढकलून दिला नाही. कामाची तपासणी करण्याची पद्धत आणि ओव्हरटाइमची सवय यांवरही बोट ठेवले आणि त्यानंतर ब्रिटिश रेल्वेत सुरक्षेच्या कामावरील लोकांच्या तासांना मर्यादा आल्या. ‘आमचा अमुक सहा महिने घरी बसला नाही’ असे कौतुक कोणी करू लागले की मला ती वायर आठवते.

सुटी मिळाली. पण त्या सुटीचे करायचे काय? इथे सवयींचा विषय येतो आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात दिनचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. पहाटे उठणे, तेल लावणे, व्यायाम, स्नान असा क्रम. त्यात व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्मा करावा असे सांगितले आहे, ते मला फार पटते. व्होलरनेही वेगळे काय सांगितले? मर्यादेच्या खाली राहा. एक जानेवारीला दहा किलोमीटर धावून दोन तारखेपासून पायाला बाम चोळत बसणाऱ्यांनी वाग्भट वाचावा.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालत, घरातल्यांना घालायला लावत. संस्थानच्या शाळांतही त्यांनी ते सक्तीचे केले. त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले आणि परदेशी वाचकांपर्यंत सूर्यनमस्कार पोचले. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देणारे संस्थान तेच. सक्तीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. शाळेतला पीटीचा तास आठवून आनंद होणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. राजेसाहेब स्वतः उतारवयापर्यंत रोज नमस्कार घालत राहिले, त्या उदाहरणाचा परिणाम हुकमापेक्षा जास्त झाला असावा.

दुसरे नाव स्वामी कुवलयानंद यांचे. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापन केले. बोरघाट चढून आलेली गाडी जिथे दम घेते, ते हे लोणावळा. कुवलयानंदांचे वेगळेपण असे, की योग म्हणजे गुहेतली गूढ विद्या असे न मानता त्यांनी तो प्रयोगशाळेत आणला. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, सर्वांगासनात रक्तदाबाचे काय होते, हे मोजले, क्ष-किरणांनी पाहिले आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापले. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता. १९३६ साली कैवल्यधामचे केंद्र मुंबईत मरीन ड्राइव्हला आले. म्हणजे सेलीचे उंदीर आणि मरीन ड्राइव्हचे प्राणायाम एकाच वर्षातले.

या परंपरेतला एक प्रयोग परळच्या केईएम रुग्णालयातला आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार काय, तर रोज सुमारे अर्धा तास शवासन. काही रुग्ण औषधाविना होते, काहींचा दाब औषधाने आटोक्यात होता, काहींचा औषध असूनही नव्हता. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला किंवा गोळ्यांचे प्रमाण कमी करता आले. आजच्या कसोटीला हा अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी शवासन न करणारा गटही त्यात नव्हता, त्यामुळे एवढ्यावर कोणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत. पण काळ पाहा. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचे शिथिलीकरणावरचे गाजलेले पुस्तक १९७५ चे. परळला ते काम सहा वर्षे आधी झाले होते आणि तेही ज्या भागात लोखंड्यांच्या गिरण्या होत्या त्या भागात.

आता लंडनच्या बसकडे वळू, कारण या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा अभ्यास तिथला आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरील सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वस्तीतले, एकाच पगाराच्या आसपासचे, एकाच बसवरचे. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे फाडत रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके कमी येत आणि आले तरी उशिरा व सौम्य येत. शंकेखोरांनी विचारले, की मुळात जाडजूड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने खात्याकडून गणवेशाचे माप मागवले. खरोखरच ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर सुरुवातीपासूनच मोठा निघाला. तेही त्याने १९५६ मध्ये प्रामाणिकपणे छापून टाकले. शिंप्याच्या मापवहीतून वैद्यकीय संशोधन करणारा हा बहुधा पहिलाच. कमरेचा फरक हिशेबात धरूनही कंडक्टरचा फायदा उरलाच.

रेल्वेवाल्यांसाठी तर थेट पुरावा आहे. १९६२ साली अमेरिकेत हेन्री टेलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांतले मृत्यू तपासले. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण ऑफिसातल्या क्लार्कांत सर्वाधिक, स्विचमनमध्ये त्याहून कमी आणि रुळांवर काम करणाऱ्या सेक्शनमनमध्ये सर्वांत कमी, क्लार्कांच्या जवळपास निम्मे. आपला गँगमन खांद्यावर हातोडा घेऊन रोज किती चालतो ते आपण पाहतोच. पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून आपण आयुष्यभर धडपडतो, आणि ती मिळाली की मेडिकलच्या आधी पंधरा दिवस भात सोडून संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. सोळाव्या दिवशी पुन्हा समोसा.

पण गँगमनचे आयुष्य सुखाचे, असा अर्थ कोणी काढू नये. लंडनच्याच सरकारी कचेऱ्यांत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केलेल्या कर्मचाऱ्यांत सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक निघाले. साहेबाला ताण जास्त, हा समज इथे कोसळला. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळे हिशेबात घेऊनही बराच फरक उरला. आपल्या कामावर आपला ताबा किती, कोणी विचारतो की नाही, याचा शरीराशी संबंध असतो. म्हणूनच ‘ताण येतो ना, मग प्राणायाम कर’ एवढे सांगून मोकळे होणाऱ्या वरिष्ठांशी माझे जमत नाही. रजेचा अर्ज मंजूर करणे हीसुद्धा आरोग्यसेवा आहे. व्होलरने आसाला धीर धरायला सांगितले नव्हते. त्याने भार मोजला.

रात्रपाळीचेही तसेच. शरीराच्या आतल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच हे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकले होते. रात्रीची गाडी कोणीतरी चालवणारच. पण रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपला असेल तर त्याच्या दारावरची बेल वाजवू नये, शेजारच्या गच्चीवर मिक्सर आणि टीव्ही जरा बेताने लावावा, एवढे वसाहतीत आपण करू शकतो. आपल्या मंडळाने आरतीचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करण्याचा नियम पाळावा, तो याच कारणासाठी.

झाशी पूर्वी जीआयपीत आणि नंतर मध्य रेल्वेत होती, २००३ मध्ये ती उत्तर मध्य रेल्वेत गेली. मुंबईच्या ऑर्डरवर इथे आलेली कितीतरी मराठी घरे बदलीच्या वाऱ्याने आली आणि इथलीच झाली. मुलांची शाळा एका गावी, आईवडील दुसऱ्या, आपण तिसऱ्या. हाही एक रोजचा, बारीक आणि पुन्हापुन्हा पडणारा भार आहे. त्यावर दहा दिवसांच्या उत्सवाचा काय उपयोग होतो, हे मोजायला इथे कोणी मॉरिस आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाचा आहे. मंडपाच्या बांबूपासून विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंतची धावपळ पाहता कार्यकर्त्यांचा तो कोटा या आठवड्यात नक्की भरतो. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचे ज्याचे त्याने पाहावे.

जेरी मॉरिसचे मात्र सांगायचे राहिले. आपल्याच निष्कर्षावर विश्वास ठेवून तो नव्वदी उलटल्यावरही पोहायला आणि व्यायामाला जात असे. २००९ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी तो गेला. लहानपणी ग्लासगोमध्ये त्याचे वडील त्याला चार मैलांच्या फेरीला घेऊन जात. वेळेत परतला तर आइस्क्रीम मिळे.